तबल्याची पुडी

तबला आतां सुशिक्षित मराठी घरांत परका राहिलेला नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें, १९०८ सालीं तें मुंबईस आणलें, आणि पुढें १९३१ सालीं उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज तालुक्याच्या गांवींही होतात. त्या परीक्षांच्या निमित्तानें घरांतील एखादें तरी मूल सायंकाळीं तबलाडग्ग्याची जोडी पुढें घेऊन बसलेलें दिसतें. गुरु कोणता करावा, शिकवणी किती वाजतां ठेवावी, ह्याविषयीं वडीलमंडळींत पुष्कळ खल होतो. परंतु ज्या वाद्यावर तें मूल हात टाकणार तें वाद्य बोलतें कशानें, ह्याचा विचार क्वचितच होतो. दुकानांत जाऊन चकचकीत डग्गा आणि तुळतुळीत लाकूड पाहून जोडी घ्यावयाची, घरीं आणून कपाटावर ठेवावयाची, आणि स्वर उतरला म्हणजे हातोडी घेऊन ठोकावयाचें, असा सर्वसाधारण क्रम आहे.

ह्या क्रमांत पैशाचें नुकसान थोडें व कानाचें अधिक होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. मुलाचा बोल चुकला तर गुरु तो सुधारतो. परंतु आठवड्यांतील सहा दिवस गुरु समोर नसतांना जो बेसूर 'ना' त्या मुलाच्या कानावर पडतो, तो सुधारावयास कोणीच नसतें. वाद्य सुरांत असेल तर तें स्वतःच मुलाला शिकवतें. नसेल तर तें शिकलेलें विसरावयास लावतें. म्हणून तबला वाजवणाऱ्या मुलाच्या घरीं निदान एका वडील माणसाला तरी पुडीची पारख असावी, एवढ्याच हेतूनें हा विषय आम्हीं हातीं घेतला आहे.

तबल्याचें खोड शिसवाचें कीं खैराचें, डग्गा तांब्याचा कीं पितळेचा, ह्या गोष्टी क्षुल्लक नाहींत. परंतु तीं शेवटीं भांडीं होत. आवाज निघतो तो पुडींतून. पुडी म्हणजे ताणलेलें एकच कातडें अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाहीं. खालचें पान बकऱ्याच्या कातड्याचें, पूर्ण गोल असतें. त्याच्या वर काठानें दुसऱ्या कातड्याचें कडें बसवलेलें असतें, ती चाट. पानाच्या आंतल्या बाजूनेंही काठाशीं एक कडें आधाराला असतें, तें बाहेरून दिसत नाहीं. मध्यें काळ्या गोलाची शाई, आणि शाई व चाट यांच्यामधली उघडी जागा ती लव. तिलाच कोणी मैदान म्हणतात. हीं सारीं कातडीं काठावर वेणीसारख्या गजऱ्यांत विणलेलीं असतात. गजऱ्याचीं सोळा घरें असतात, त्यांतून कातड्याची लांब वादी ओवून ती तळच्या कड्याशीं ओढून घेतात, आणि वादीखालीं सामान्यतः आठ लाकडी गट्टे सारतात. चाटेवर बोट पडलें म्हणजे 'ना', लवेवर पडलें म्हणजे 'तिं', शाईवर पडलें म्हणजे 'ते', 'टे', असे निरनिराळे बोल एवढ्याशा जागेंत निरनिराळ्या घरीं राहतात.

ह्या रचनेंतला प्राण म्हणजे शाई. भाताची किंवा कणकेची खळ, लोखंडाची बारीक पूड आणि काजळी यांचा लगदा करून त्याचा पातळ थर कातड्यावर द्यावयाचा, गुळगुळीत दगडानें तो घोटावयाचा, वाळूं द्यावयाचा, मग त्यावर दुसरा, तिसरा, असे थरामागून थर चढवावयाचे. मध्यें शाई जाड असते व कडेकडे पातळ होत जाते. घोटतां घोटतां तिच्यांत केसाइतक्या बारीक भेगा पडतात. गिऱ्हाईक ह्या भेगा पाहून पुष्कळदां पुडी परत करतें, आणि मढवणारा मनांत हंसतो. कारण त्या भेगा त्यानें मुद्दाम आणलेल्या असतात. अखंड, घट्ट शाई कातड्याला वांकूंच देणार नाहीं, आणि आवाज मुका होईल. शाईचे टवके निघूं लागले, किंवा बोट पडतांच आंत कांहीं कुरकुरलें, तर मात्र ती पुडी घेऊं नये.

ही शाई करते काय? साध्या, सर्वत्र सारख्या गोल कातड्यावर थाप मारली तर त्यांतून एकाच वेळीं अनेक स्वर निघतात, आणि ते एकमेकांशीं जमत नाहींत. मूळ स्वराची कंपनसंख्या १ धरली तर पुढचे स्वर १.५९, २.१४, २.३०, २.६५ असे वेडेवांकडे येतात. तंबोऱ्याच्या तारेंतून मात्र ते २, ३, ४, ५ अशा सरळ पटींत निघतात, म्हणून तार गाते आणि ढोल गर्जतो. आपल्या तबल्यामृदंगाचें आश्चर्य हें कीं, तीं कातड्याचीं वाद्यें असून तारेप्रमाणें गातात. ह्याचें कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शोधलें. १९२० सालीं शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनीं 'नेचर' ह्या विलायती शास्त्रीय साप्ताहिकांत ह्या वाद्यांवर टिपण प्रसिद्ध केलें, आणि १९३४ सालीं सविस्तर निबंध लिहिला. पुडीवर बारीक वाळू पसरून, ती थरथरतांना वाळू कोणत्या रेषांवर गोळा होते हें पाहून त्यांनीं दाखवलें कीं, मधल्या शाईच्या भारामुळें कातड्याचीं नऊ प्रकारचीं कंपनें पांचच स्वरांत येऊन बसतात, आणि हे पांच स्वर १, २, ३, ४, ५ ह्या पटींना अगदीं जवळचे असतात. १९५४ सालीं रामकृष्ण आणि सोंधी यांनीं हेंच गणितानें मांडलें. प्रकाशाच्या संशोधनाबद्दल ज्या पुरुषाला १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्याला मृदंगाच्या पुडीवर वाळू टाकून बसण्यांत कमीपणा वाटला नाहीं, हें आमच्या शिकलेल्या मंडळींनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

व्यवहाराच्या दृष्टीनें ह्यांतून निघणारी गोष्ट अशी कीं, तबल्याचा स्वर पुष्कळ अंशीं पुडी तयार होतांनाच ठरलेला असतो. तोंडाचा घेर, कातड्याची जाडी आणि शाईचें वजन ह्या तिहींच्या मेळानें प्रत्येक पुडीचा एक स्वाभाविक स्वर असतो, आणि त्याच्या आसपास एक दोन स्वर वरखालीं एवढीच तिची मजल. हातोडीनें वाटेल तो स्वर काढतां येतो ही समजूतच पुड्या फाडते. कातड्याचा स्वर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत चढतो; म्हणजे स्वर दुप्पट करावयाचा तर ताण चौपट लागेल. काळी एकसाठीं केलेली पुडी पांढरी चारपर्यंत, म्हणजे चार अर्धस्वर, ओढावयाची म्हटली तर तिच्यावरचा ताण सुमारें दीडपटीहून अधिक होतो. वादी तुटते, गजरा उलतो, आणि सारें टिकलेंच तरी आवाज पत्र्यासारखा होतो. उलट फार उतरवली तर ती ओल्या कापडासारखी बसते. 'ना'ची आंस जाते.

तेव्हां पुडी घेण्यापूर्वीं, घरांत कोण कोणत्या स्वरांत गाणार तें पाहावें. पुरुषाचा गळा बहुधा काळी एकच्या आसपास असतो. त्याला सव्वापांच ते साडेपांच इंच तोंडाचा तबला बरा. काळी दोनपर्यंत चढवावयाचा असेल तर तोंड पांच इंचांच्या आसपास असावें. काळी चार, काळी पांच ह्या स्वरांत गाणाऱ्या मुलींच्या खालच्या षड्जासाठीं ढाला तबला लागतो. त्याचें तोंड सहा इंचांच्या घरांत व शाई भारी असते. परंतु दर गळ्यागणिक तबला घेण्याचें सर्वांना कोठून परवडणार? तेथें थोडें शास्त्र कामीं येतें. काळी एकला लावलेला तबला काळी तीनमध्यें गाणाऱ्याला पंचम होतो, आणि काळी चारमध्यें गाणाऱ्याला मध्यम. म्हणजे थोरल्या बहिणीनें काळी चारमध्यें मालकंस आळवावयास घेतला, तर धाकट्या भावाचा काळी एकचा तबला तिला उत्तम साथ देईल. मालकंसांत पंचम नाहीं, मध्यम तर त्याचा प्राणच. पण तिनें यमन घेतला कीं तोच तबला अंगावर येईल, कारण यमनांत मध्यम तीव्र असतो, आणि शुद्ध मध्यमाचा 'ना' प्रत्येक समेवर टोचत राहतो. अशा वेळीं ढाला तबला मागून आणावा हेंच उत्तम.

कोणत्या बाजाचें शिक्षण चाललें आहे हेंही पाहावें लागतें. दिल्लीच्या बाजांत चाटेचें काम अधिक, तेथें चाट स्वच्छ आणि टणक बोलली पाहिजे. पूरबच्या बाजांत, विशेषतः बनारसला, खुले बोल अधिक. तेथें लवेला आणि शाईला गोलाई हवी. नाटकमंडळ्यांच्या काळीं मराठी रसिकांचा कान ह्या बाबतींत फार तयार झाला होता. गंधर्व नाटक मंडळींत अहमदजान थिरकवा यांच्यासारखा वादक बालगंधर्वांच्या पदांना साथ करी, आणि तबला केवळ ठेका धरणारें वाद्य नसून गाणारें वाद्य आहे, हें पिटांतल्या प्रेक्षकालाही त्यामुळें उमगलें. शिकाऊ मुलासाठीं फार बारकाईंत शिरण्याचें कारण नाहीं. गुरुजींना विचारून तशी पुडी मागावी म्हणजे झालें.

पुडी हातीं आली कीं प्रथम उजेडासमोर धरावी. लवेचें कातडें सगळीकडे सारखें दिसलें पाहिजे. एका बाजूस दाट व दुसरीकडे विरळ असेल तर ती पुडी जन्मांत सुरांत लागणार नाहीं. चाटेची रुंदी चोहोंकडून सारखी असावी. तबल्याची शाई बरोबर मध्यावर असावी. डग्ग्याची मात्र मुद्दामच एका अंगाला सरकवलेली असते, तिला पाहून कारागिरास दोष देऊं नये. तबल्याच्या लाकडाचा काठही बोटानें चांचपावा. तेथें खांच किंवा उंचवटा असेल तर उत्तम पुडीसुद्धां झणझणते. नवी पुडी पहिल्याच दिवशीं पूर्ण स्वराला चढवूं नये. अर्धा स्वर खालीं ठेवून कांहीं दिवस वाजवावी, कातडें बसूं द्यावें, मग हळूहळू वर न्यावी.

आतां लावण्याची गोष्ट. आधीं तंबोरा जुळवून घ्यावा. तंबोरा नसेल तर यंत्राचा किंवा फोनवरील तंबोरा चालेल. पेटीच्या स्वरावर तबला लावण्याची संवय आम्हांस पसंत नाहीं, पण तो वाद येथें नको. तबला चुंबळीवर नीट बसवून अनामिका शाईच्या कडेवर हलकेंच टेकवावी, आणि तर्जनीनें चाटेवर 'ना' वाजवावा. स्वर पुष्कळच उतरला असेल तर गट्टे खालीं ठोकावे. थोडाच फरक असेल तर गट्ट्यांना हात न लावतां गजऱ्यावर काम करावें. गजऱ्यावर वरून ठोका दिला कीं स्वर चढतो, खालून दिला कीं उतरतो. एक घर सुरांत आलें कीं त्याच्या शेजारचें घेऊं नये, समोरचें घ्यावें. मग त्या दोहोंच्या मधलीं दोन, मग उरलेलीं. ताण एका बाजूस सांचूं नये म्हणून हा क्रम. हातोडी कातड्यावर पडूं देऊं नये हें सांगावयास नकोच, पण लहान मुलांस तें सांगावेंच लागतें.

सोळाही घरें एकसारखीं बोललीं पाहिजेत ह्याचें कारण केवळ टापटीप नव्हे. दोन बाजूंचा ताण वेगळा असला तर एकाच ठोक्यांतून दोन अगदीं जवळचे स्वर निघतात, ते एकमेकांत मिसळतात, आणि आवाज लाटेसारखा डुलूं लागतो. जाणकार त्याला तबला 'हलतो' म्हणतात. मुलाला हें डुलणें ऐकावयास शिकवावें. प्रथम एखादें घर मुद्दाम उतरवून तें डोलणें त्याला दाखवावें, मग एकेक हलका ठोका देत तें मंद होत जाऊन नाहीसें होतें तो क्षण त्यालाच पकडूं द्यावा. आमच्या मतें महिनाभर पलटे घोटण्याइतकेंच ह्या खेळाचें मोल आहे. फोनवरील काटा पाहून तबला लावण्याची जी चाल पडत आहे, तिच्यांत स्वर सांपडतो, पण कान तयार होत नाहीं.

डग्ग्याला असा बांधलेला स्वर नसतो. त्याचें कातडें जाड असतें, आणि मनगटाच्या दाबानें त्याचा घुमारा वरखालीं करतां येतो हीच त्याची शोभा. म्हणून तो फार आवळूं नये. आवळला कीं मनगटाखालीं कातडें सरकत नाहीं आणि 'गे'चा 'ग' होतो. पखवाजाची तऱ्हा वेगळी. त्याच्या डाव्या तोंडावर वाजवण्यापूर्वीं ताजी कणीक थापतात, आणि ती कमीअधिक करून खालच्या सप्तकांतला स्वर मिळवतात. वाजवून झाल्यावर ती लगेच काढून टाकावी लागते; वाळली तर कातडें ओढून घेते. ही युक्ति फार जुनी. नाट्यशास्त्रांत पुष्कर वाद्यांच्या तोंडांवर नदीकांठची काळी, गुळगुळीत माती लावून त्यांचे स्वर मिळवण्याचा विधि सविस्तर सांगितला असून त्याला मार्जना म्हटलें आहे. कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पावसाचे थेंब पडतांना होणारे निरनिराळे नाद ऐकून स्वाति मुनींना हीं वाद्यें सुचलीं, ही कथाही तेथेंच आहे.

कातड्याऐवजीं दुसरें कांहीं लावावें काय, हा प्रश्न आतां वारंवार निघतो. पाश्चात्य ढोलांवर १९५७ च्या सुमारास पॉलिएस्टरचें पान आलें आणि कातडें जवळजवळ हद्दपार झालें. आपल्याकडेही गणेशोत्सवांतील ढोलताशांवर कृत्रिम पान पुष्कळ दिसतें. भाद्रपदांतील पावसांत तें ढिलें पडत नाहीं, हा त्याचा गुण पथकांना मोलाचा वाटतो. गोव्याच्या घुमटावर पूर्वीं घोरपडीचें कातडें लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें तें बंद होऊन बकऱ्याचें कातडें आलें, आणि त्यावरही घुमट गाजतें. २०१९ सालीं गोवा सरकारनें त्याला राज्याचें वारसावाद्य म्हणून मान दिला. तबल्यालाही कृत्रिम पुड्या निघाल्या आहेत. प्रवासाला व दमट हवेला त्या सोयीच्या. पण 'ना' वाजून गेल्यावर मागें जो गोडवा रेंगाळतो तो त्यांत आम्हांस अजून आढळला नाहीं.

राहतां राहिला मढवणारा. ह्या बाबतींत आमच्या समाजाला थोडें कडू सांगणें भाग आहे. ज्या वाड्यांत कीर्तनाचा मृदंग देवासमोर वाजे, त्याच वाड्याच्या पायरीखालीं तो मढवणारा उभा राही. कातड्याचा नाद पवित्र आणि कातडें कमावणारा हात अपवित्र, ही वांटणी आमच्या वाडवडिलांनीं निर्वेधपणें चालवली, आणि तिच्यांत कांहीं विसंगत आहे हें फारच थोड्यांना खुपलें. गायक टी. एम. कृष्णा यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'सेबॅस्टियन अँड सन्स' ह्या ग्रंथांत तामिळ देशांतील मृदंगम् घडवणाऱ्या घराण्यांचा, बहुतेक दलित ख्रिस्ती कुटुंबांचा, वृत्तांत दिला आहे. नामांकित वादकांच्या प्रयोगांत ह्या कारागिरांचा वांटा केवढा आणि त्यांचें नांव किती थोड्यांना ठाऊक, हें वाचून मान खालीं जाते. आपल्याकडील मढवणाऱ्यांचाही असा इतिहास कोणीतरी लिहावयास हवा. झाकिर हुसेन यांचे तबले वर्षानुवर्षें मुंबईंतील एक मराठी कारागीर घडवीत असे; डिसेंबर २०२४ मध्यें झाकिर हुसेन निवर्तले तेव्हां वर्तमानपत्रें त्या कारागिराकडे गेलीं.

विटाळ आज उघडपणें कोणी मानीत नाहीं. पण तयार पुडी दुकानांतून उचलून आणावी, कोणीं केली तें विचारूं नये, आणि घासाघीस मात्र भरपूर करावी, ही त्याच वृत्तीची नवी आवृत्ति होय. कारागिराचीं मुलें ह्या धंद्यांत राहावयास नाखूष असतील तर तो दोष त्यांचा नव्हे. शक्य तर मुलाला बरोबर घेऊन मढवणाऱ्याकडे स्वतः जावें, खुर्ची मागण्याऐवजीं त्याच्या शेजारीं बसावें, काका म्हणून हांक मारावी, कोणता स्वर हवा तें सांगावें, आणि शाई घोटतांना पाहावें. दगड कधीं थांबवावा हें तो हातानें नव्हे, आवाजानें ओळखतो. मधून मधून बोट टाकून ऐकतो आणि पुन्हां घोटतो. हें एकदां पाहिलेलें मूल पुडीवर पाण्याचा पेला ठेवीत नाहीं.

पावसाळ्यांत पुडी जपावी लागते. हवेंतील ओल कातडें शोषून घेतें व स्वर उतरतो. उन्हाळ्यांत, किंवा व्यासपीठावरच्या प्रखर दिव्यांखालीं, तो आपोआप चढतो. आषाढांत उतरलेला तबला ठोकून चढवला तर आश्विनांतल्या उन्हानें पुडी तडकण्याची भीति असते, म्हणून उघाड पडतांच एकदां गट्टे सैल करून घ्यावे. ओली पुडी विस्तवाशीं अथवा कडक उन्हांत शेकूं नये, शाई सुटते. कोरड्या फडक्यानें पुसून खोलींतल्या वाऱ्यावर ठेवावी. बोटांना घाम येत असेल तर किंचित् पावडर चालेल, तेलाचा हात मात्र चालत नाहीं. तबल्यावर कापसाची जाड गादी आणि वर गवसणी घालावी, आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवण्यापेक्षां भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच अशा फळीवर जोडी ठेवावी.